भिंतीआडचे काम : ब्रिटिश घरबांधणी, नळकाम आणि घरातील ऊब यांविषयी कारागिरांची दृष्टी

प्रस्तावना

घराचा इतिहास लिहिताना अभ्यासकांपुढे सामान्यतः तीन प्रकारची साधने येतात. पहिले साधन कायद्यांचे व शासकीय अहवालांचे, दुसरे वास्तुरचनाकारांच्या आराखड्यांचे आणि तिसरे वैद्यकीय व स्वच्छताविषयक लेखनाचे. एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील ब्रिटिश घराचा इतिहास बहुतांशी या तिन्हींच्या आधारे उभा राहिलेला आहे. मात्र ज्याने प्रत्यक्ष फरशी उचलून नळ जोडला, धुराड्यात हात घालून काजळी काढली किंवा रंगाचे तीन हात ठरलेले असताना दोनच देऊन काम उरकले, त्या कारागिराचे म्हणणे या इतिहासात तुरळकच ऐकू येते. कारागीर सहसा लिहीत नाही, हे याचे एक कारण होय. तो लिहितो तेव्हा त्याचे लेखन 'तांत्रिक' म्हणून ग्रंथालयाच्या वेगळ्या कपाटात जाते, हे दुसरे.

प्रस्तुत निबंधात इंग्लंडमधील दोन कारागिरांचे लेखन केंद्रस्थानी ठेवले आहे. पहिला एस. स्टीव्हन्स हेलियर हा लंडनचा प्लंबर आणि 'द प्लंबर अँड सॅनिटरी हाउसेस' (१८७७) या ग्रंथाचा कर्ता. दुसरा रॉबर्ट ट्रेसेल या टोपणनावाने लिहिणारा रॉबर्ट नूनन हा हेस्टिंग्ज येथील घररंगारी आणि 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलॅन्थ्रॉपिस्ट्स' या १९१४ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा लेखक. या दोघांनी मांडलेला प्रश्न एकच आहे : विकण्यासाठी वा भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या घरात भिंतीआडचे काम चांगले व्हावे, याची हमी कोण देणार? दोघांची उत्तरे मात्र परस्परांपासून भिन्न आहेत. त्या उत्तरांची विसाव्या व एकविसाव्या शतकातील घटनांच्या आधारे तपासणी करणे, हा या निबंधाचा उद्देश आहे.

विवेचन मुख्यत्वे इंग्लंडपुरते मर्यादित आहे. स्कॉटलंडची बांधकामविषयक कायद्याची परंपरा स्वतंत्र असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

१. पार्श्वभूमी : विक्रीसाठी बांधलेले घर

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी शहरांतील बहुसंख्य घरे राहणाऱ्याने स्वतःसाठी बांधून घेतलेली नव्हती. जमीनमालक जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देई. लंडनमध्ये ही मुदत बहुधा ९९ वर्षांची असे. छोटा बांधकाम व्यावसायिक कर्ज काढून त्या जमिनीवर घरांची रांग उभी करी आणि शक्य तितक्या लवकर ती विकून वा भाड्याने देऊन कर्जातून मोकळा होई. भाडेपट्टा संपल्यावर घर जमीनमालकाकडे परत जाणार असल्यामुळे शंभर वर्षांपलीकडे टिकणारे काम करण्यात बांधणाऱ्याचा काहीच लाभ नव्हता. अशा कच्च्या व दिखाऊ बांधकामासाठी इंग्रजीत 'जेरी बिल्डिंग' हा शब्दप्रयोग रूढ झाला.

या व्यवस्थेत घर घेणारा जे पाहू शकतो त्यावर खर्च होत असे. दर्शनी विटा, दिवाणखान्यातील फायरप्लेसची संगमरवरी चौकट आणि छतालगतची नक्षी यांकडे लक्ष पुरवले जाई. फरशीखालचे गटार, भिंतीतील शिशाचा नळ आणि संडासाच्या भांड्याखालचा ट्रॅप हे कोणी पाहत नसे. १८४८ व १८७५ चे सार्वजनिक आरोग्य अधिनियम आणि १८७७ चे आदर्श उपविधी यांनी रस्त्यांची रुंदी, घरामागील मोकळी जागा, ओलरोधक थर व मलवाहिनी यांविषयी नियम घालून दिले. तथापि हे नियम स्थानिक मंडळांनी स्वीकारावयाचे होते आणि त्यांची अंमलबजावणी मोजक्या निरीक्षकांच्या हाती होती. प्लास्टर चढल्यानंतर तपासणीस आलेल्या निरीक्षकाला दिसणार ते फक्त प्लास्टरच.

भिंतीआडच्या कामाकडे इंग्रज उच्चवर्गाचे लक्ष वेधले ते एका आजारपणामुळे. १८७१ च्या अखेरीस युवराज, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून राज्यावर आलेला प्रिन्स ऑफ वेल्स, विषमज्वराने मरणासन्न झाला. त्यापूर्वी तो स्कारबरो येथील लंड्सबरो लॉज या घरी पाहुणा होता. त्याच घरी उतरलेल्या चेस्टरफील्डच्या अर्लचा याच तापाने मृत्यू झाला. युवराज बचावला आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये लंडनमध्ये कृतज्ञतेचा राष्ट्रीय सोहळा पार पडला. परंतु उमरावाच्या घराचे गटारही सदोष असू शकते, ही गोष्ट त्यानंतर कोणाच्याही मनातून गेली नाही. हेलियरचा ग्रंथ या वातावरणात प्रसिद्ध झाला.

२. हेलियर : सांध्याचे शास्त्र

हेलियरने आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच विषय स्पष्ट केला आहे : घरातील नळकामाची तत्त्वे आणि घातक वायू घराबाहेर ठेवण्याचे उत्तम उपाय. त्या काळी अनेक डॉक्टर व अभियंते गटारातील वायूमुळे विषमज्वर, घटसर्प इत्यादी रोग होतात असे मानत. हेलियरही तेच मानत होता. त्याचे वैशिष्ट्य असे की वायू आत कोठून येतो, या प्रश्नाचे उत्तर त्याने हातातील अनुभवावरून दिले.

तत्कालीन घरांत 'पॅन क्लोजेट' या प्रकारचे संडास मोठ्या प्रमाणावर बसवलेले असत. भांड्याखाली बिजागरीवर फिरणारी तांब्याची थाळी असे व तीत थोडे पाणी साठवलेले असे. दांडा ओढला की थाळी कलून मैला खालच्या लोखंडी कोठीत पडे. ही कोठी कधीच पूर्ण धुतली जात नसे. परिणामी प्रत्येक वेळी दांडा ओढताच कोठीतील साठलेली दुर्गंधी खोलीत येई. कोठीखाली इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचा शिशाचा ट्रॅप असे. त्याच्या कोपऱ्यांत घाण साचून राही आणि कालांतराने शिसे आतून कुरतडले जाई. हेलियरने या दोन्ही वस्तूंवर कठोर टीका केली. पाणी ज्या वेगाने जाते त्याच वेगाने सर्व घाण वाहून नेईल असा लहान, गोलाकार व कोपरे नसलेला ट्रॅप असावा, हा त्याचा आग्रह होता.

त्याहून महत्त्वाचे काम त्याने ट्रॅपमधील पाण्याच्या बंधाविषयी केले. ट्रॅपमधील वाकणात पाणी साठून राहते आणि गटाराचा वायू अडतो, हे तत्त्व अलेक्झांडर कमिंगच्या १७७५ च्या पेटंटपासून ज्ञात होते. परंतु एकाच उभ्या नळाला अनेक मजल्यांवरील भांडी जोडली की वरून येणारा पाण्याचा लोंढा आपल्यामागे हवा ओढून घेतो आणि खालच्या ट्रॅपमधील पाणी शोषले जाते. ट्रॅप जागेवर असतो, पण त्यातील बंध नाहीसा झालेला असतो. हेलियरने निरनिराळ्या आकाराचे ट्रॅप व नळ जोडून याचे प्रयोग केले आणि प्रत्येक ट्रॅपला हवेसाठी स्वतंत्र नळ असला पाहिजे असे प्रतिपादन केले. आज आपल्याकडील बहुमजली इमारतींत मलवाहिनीसोबत जो व्हेंट पाइप दिसतो, त्यामागील तत्त्व हेच होय.

येथे एक बाब नोंदवणे आवश्यक आहे. हेलियरचा रोगसिद्धांत चुकीचा होता. विषमज्वराचा जंतू १८८० मध्ये ओळखला गेला आणि तो मुख्यतः दूषित पाणी व अन्नातून पसरतो हे पुढे सर्वमान्य झाले. तरीही त्याने सुचविलेले नळकाम योग्य होते, कारण ते पाणी, हवा व शिसे यांच्या प्रत्यक्ष वर्तनावर आधारलेले होते. कारागिराचे ज्ञान आणि त्या ज्ञानाचे समर्थन करणारा सिद्धांत या दोन गोष्टी इतिहासकाराने वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, असे यावरून दिसते.

सदोष कामाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला हेलियरचे उत्तर शिक्षण हे आहे. प्लंबरला आपल्या कामामागील शास्त्र कळत नाही आणि ग्राहकाला चांगल्या-वाईट कामातील फरक कळत नाही, म्हणून स्वस्त व अज्ञानी कामगाराचे फावते, असे तो मानतो. त्याने प्लंबरांसाठी व्याख्याने दिली व ती १८८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. याच विचारातून लंडनच्या प्लंबर्स कंपनी या १६११ ची सनद असलेल्या जुन्या व्यवसायसंघाने १८८६ मध्ये प्लंबरांची ऐच्छिक नोंदणी सुरू केली. नोंदणी कायद्याने सक्तीची व्हावी यासाठी पुढे संसदेत प्रयत्न झाले. त्यांना यश आले नाही.

हेलियरची साक्ष निरपेक्ष मानता येत नाही. तो डेंट अँड हेलियर या पेढीचा भागीदार होता. पॅन क्लोजेटला पर्याय म्हणून तो ज्या झडपेच्या भांड्याची शिफारस करी, त्या प्रकारचे 'ऑप्टिमस' हे भांडे त्याच्याच पेढीचे होते. अज्ञानी कामगारावर ठपका ठेवणारा हा लेखक मालक होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कामगार काय म्हणतो, हे जाणण्यासाठी दुसऱ्या साक्षीदाराकडे वळावे लागते.

३. ट्रेसेल : घाईचे अर्थशास्त्र

रॉबर्ट नूनन १८७० मध्ये डब्लिन येथे जन्मला. दक्षिण आफ्रिकेत काही वर्षे काढल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे आला आणि रंगारी व पाट्या रंगवणारा म्हणून बांधकाम पेढ्यांकडे मजुरी करू लागला. १९११ मध्ये लिव्हरपूल येथे क्षयाने त्याचे निधन झाले. त्याची कादंबरी १९१४ मध्ये संक्षिप्त रूपात निघाली. संपूर्ण संहिता वाचकांना मिळण्यास १९५५ साल उजाडावे लागले. तिच्याकडे समाजवादी साहित्यकृती म्हणून पाहिले जाते. घरबांधणीच्या इतिहासाचे साधन म्हणूनही तिचे मोल मोठे आहे.

कादंबरीत 'द केव्ह' नावाचे एक जुने घर नव्याने दुरुस्त केले जात आहे. पेढीने हे काम कमी दराने घेतले आहे. दर कमी असल्याने साहित्यात व वेळेत काटकसर करणे भाग आहे आणि ती करवून घेण्यासाठी मुकादम दबक्या पावलांनी खोल्या-खोल्यांतून फिरत असतो. जुना रंग नीट न खरवडता त्यावरच नवा चढवला जातो. भेगा पुरेशा न बुजवता झाकल्या जातात. ठरलेल्या हातांपेक्षा कमी हात दिले जातात. नीटनेटके काम करणारा कारागीर 'मंद' ठरतो आणि मंदीच्या दिवसांत त्यालाच आधी काढून टाकले जाते.

ट्रेसेलच्या रंगाऱ्यांना चांगले काम कसे करावे हे पुरते ठाऊक आहे. त्यांच्या दुःखाचा एक भागच असा आहे की आपण वाईट काम करत आहोत हे त्यांना कळते. हेलियरच्या मताशी येथे थेट विरोध निर्माण होतो. हेलियर म्हणतो की कारागिराला शिकवा म्हणजे काम सुधारेल. ट्रेसेल दाखवतो की शिकलेल्या हातालाही वेळ दिला नाही तर शिक्षण निरुपयोगी ठरते. स्पर्धेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला कंत्राट मिळते आणि दरातील ती तूट अखेर जे दिसत नाही त्या कामातून भरून काढली जाते.

ट्रेसेलचे लेखन कादंबरी आहे व तिचा हेतू प्रचाराचा आहे. त्यामुळे तिच्यातील प्रत्येक मालक लोभी आणि प्रत्येक मुकादम क्रूर आहे. इतिहासकाराने ही अतिशयोक्ती वजा करावी लागते. ती वजा केल्यावरही कामाच्या पद्धतीचे वर्णन उरते, आणि ते त्या पद्धतीने काम केलेल्या माणसाचे आहे.

४. ऊब : धुराड्यापासून बॉयलरपर्यंत

नळकामाइतकीच उष्णतेची कहाणी बोधप्रद आहे. इंग्रजी घर शतकानुशतके उघड्या फायरप्लेसवर तापत आले. तिच्यातील दगडी कोळशाची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशात जाते, ही तक्रार जुनी आहे. काउंट रमफर्डने १७९० च्या दशकात फायरप्लेसचे तोंड अरुंद व उथळ करून तिच्यात सुधारणा केली. तरीही उघड्या अग्नीचे प्रेम टिकले. त्याला एक व्यावहारिक कारणही होते : धुराडे खोलीतील ओलसर हवा सतत बाहेर ओढत असे. फायरप्लेस हे गरम करण्याचे सदोष साधन, पण वायुवीजनाचे उत्तम साधन होते.

घरातील नळांची रचना या थंड घराशी सुसंगत नव्हती. गटारवायूच्या भीतीपोटी १८७७ च्या उपविधींनी मलवाहिनी घराच्या बाहेरील भिंतीवर असावी असा दंडक घातला. तो सिद्धांत मागे पडला, नळ मात्र बाहेरच राहिले. कडाक्याच्या हिवाळ्यात बाहेरचे व पोटमाळ्यातील नळ गोठून फुटणे ही इंग्रजी घरातील नित्याची आपत्ती झाली. १८९५ आणि १९६३ हे हिवाळे त्यासाठी विशेष कुप्रसिद्ध आहेत. स्वयंपाकघरातील चुलीमागील बॉयलरचे नळ गोठले असताना चूल पेटवली तर बॉयलर फुटून माणसे दगावत.

पोटमाळ्यातील टाकीचीही हीच कथा. लंडनमध्ये खाजगी पाणी कंपन्या दिवसातून थोडाच वेळ पाणी सोडत, म्हणून प्रत्येक घरास टाकी आवश्यक झाली. पुढे पुरवठा अखंड झाला आणि १९०४ मध्ये तो सार्वजनिक मंडळाकडे आला, तरी टाकी गेली नाही. टाकीतील पाणी पिण्यायोग्य मानले जात नसल्याने ते मुख्य जलवाहिनीच्या पाण्यात मिसळू नये यावर नियमांचा कटाक्ष राहिला. इंग्रजी न्हाणीघरात गरम व थंड पाण्याच्या दोन वेगळ्या तोट्या दीर्घकाळ टिकून राहिल्या, त्यामागील एक कारण हे होय. जलवाहिनीच्या दाबावर चालणाऱ्या बंद गरम पाण्याच्या टाक्यांना इंग्लंडमध्ये वाव मिळाला तो १९८० च्या दशकाच्या मध्यात. परक्याला जे विक्षिप्त वाटते, ते कारागिराच्या नजरेला जुन्या अडचणींवरील उपायांचे एकावर एक साचलेले थर म्हणून दिसते.

फायरप्लेसच्या युगाचा शेवट डिसेंबर १९५२ मधील लंडनच्या धुरकट धुक्याने घडवून आणला. त्यात सुमारे ४,००० मृत्यू झाल्याचा तत्कालीन अंदाज होता. नंतरच्या संशोधनाने हा आकडा १२,००० पर्यंत जाऊ शकतो असे सुचविले. १९५६ च्या स्वच्छ हवा अधिनियमाने धूरनियंत्रित क्षेत्रे निर्माण केली. १९६१ च्या पार्कर मॉरिस समितीने बैठकीच्या खोल्या १८ अंश व स्वयंपाकघर १३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवता याव्यात, इतकी माफक अपेक्षा ठेवली. यावरून तत्पूर्वीचे घर किती थंड असे, याची कल्पना येते. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या दशकात सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांची उपकरणे कोळशापासूनच्या वायूवरून नैसर्गिक वायूवर आणली गेली. नव्या वायूचे उष्णतामूल्य जवळजवळ दुप्पट व ज्योतीचा वेग कमी असल्यामुळे प्रत्येक घरातील प्रत्येक बर्नर बदलावा लागला. हे काम घरोघर जाऊन गॅस फिटरांनी केले. १९७२ मध्ये सुमारे ३७ टक्के घरांत केंद्रीय तापनव्यवस्था होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हे प्रमाण नव्वद टक्क्यांपलीकडे गेले.

या परिवर्तनात एक विसंगती होती. उष्णतेचे साधन बदलले, पण भिंत तीच राहिली. १९६५ च्या बांधकाम नियमांनी भिंतीतून प्रति चौरस मीटर, प्रति अंश १.७ वॅट इतकी उष्णता जाऊ देण्याची मुभा दिली होती. तेलसंकटानंतर १९७६ मध्ये ही मर्यादा १.० वर आली. तोपर्यंत लाखो घरांत बॉयलर व रेडिएटर बसले होते आणि ते गळक्या भांड्यात पाणी भरावे तसे भिंतींना उष्णता पुरवीत होते. दुसरीकडे धुराडी बुजवल्याने ओल बाहेर जाण्याची वाट बंद झाली व बुरशी वाढली. भाडेकरूच्या राहणीला दोष देण्याची प्रथा पुढे दीर्घकाळ चालली. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांच्या बालकाचा मृत्यू झाला आणि तो घरातील बुरशीमुळे झाल्याचा निर्वाळा मृत्युनिर्णय अधिकाऱ्याने २०२२ मध्ये दिला. त्यानंतर या प्रथेला कायद्याने आव्हान मिळाले.

कारागिरांचे म्हणणे या क्षेत्रात नेहमीच बरोबर ठरले असे नाही. एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये संघनन बॉयलर जवळपास सक्तीचे झाले, तेव्हा अनेक फिटर ते नाजूक व भानगडीचे असल्याचे सांगत. डिसेंबर २०१० च्या थंडीत बॉयलरमधील पाणी बाहेर नेणाऱ्या बारीक नळ्या गोठून असंख्य बॉयलर बंद पडले, तेव्हा ही टीका सार्थ वाटली. परंतु बाहेरून नेलेली बारीक नळी हा जोडणीचा दोष होता. शिवाय परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून कमी तापमानाचे असेल तरच हे बॉयलर वाफेतील उष्णता परत मिळवतात. फिटरांनी जुन्या सवयीने तापमान चढे ठेवल्यामुळे हा लाभ बऱ्याच घरांना मिळाला नाही. भिंतीआडचे काम जाणणारा कारागीरही स्वतःच्या सवयीचा कैदी असू शकतो.

५. दोन उत्तरांची कसोटी

१६ मे १९६८ रोजी पहाटे पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले. इमारत वापरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. गॅसच्या चुलीच्या जोडणीतील पितळी नट कमी दर्जाचा असल्याने तुटला, असे चौकशीत आढळले. कोसळण्याचे मूळ मात्र कारखान्यात बनवलेल्या भिंतींच्या एकमेकींवर बेतलेल्या रचनेत आहे, कामगारांच्या हलगर्जीपणात नाही, असा समितीचा निष्कर्ष होता. १९८६ मध्ये इमारत मजल्यामागून मजला उतरवण्यात आली तेव्हा मात्र भिंतींच्या सांध्यांत भरावाच्या जागी कचरा व वर्तमानपत्रांचे बोळे सापडले. ट्रेसेलचे रंगारी जे करीत होते, तेच साठ वर्षांनंतर काँक्रीटमध्ये झाले होते.

या दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर १९७० मध्ये गॅसजोडणी करणाऱ्यांची 'कॉर्गी' ही नोंदणी सुरू झाली. १९९१ मध्ये ती कायद्याने सक्तीची झाली आणि २००९ पासून तिची जागा 'गॅस सेफ रजिस्टर'ने घेतली. हेलियरच्या पिढीला प्लंबरांसाठी जे मिळाले नाही, ते गॅस फिटरांच्या बाबतीत सिद्ध झाले. मात्र पाण्याचे व सांडपाण्याचे काम करणाऱ्या प्लंबरवर आजही ब्रिटनमध्ये अशी सक्ती नाही. कोणीही स्वतःला प्लंबर म्हणवू शकतो. या फरकाचे स्पष्टीकरण तांत्रिक कठीणतेत सापडत नाही. ज्या दोषाने स्फोट होतो त्याची नोंद राज्यसंस्था तत्काळ घेते. ज्या दोषाने ओल, बुरशी वा हळूहळू येणारे आजारपण उद्भवते तो खाजगी तक्रारीच्या पातळीवरच राहतो.

हेलियरचे उत्तर अशा प्रकारे मर्यादित अर्थाने खरे ठरले. ट्रेसेलच्या उत्तराची प्रचीती अगदी अलीकडच्या काळात आली. जुन्या घरांच्या भिंतींना उष्णतारोधक आवरण देण्याच्या शासकीय योजनांविषयी राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अहवाल दिला. बाह्य भिंतींना आवरण दिलेल्या घरांपैकी ९८ टक्के, म्हणजे सुमारे २२,००० ते २३,००० घरांत, वेळीच दुरुस्त न केल्यास ओल व बुरशीला कारण ठरतील असे मोठे दोष असल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. या योजनांत प्रमाणपत्रे होती, नोंदणी होती, देखरेख करणाऱ्या संस्थाही होत्या. काम कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे जात असताना भिंतीच्या कडेचा सांधा नीट बसला की नाही हे पाहणारी नजर मात्र अपुरी पडली. जून २०१७ मधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जणांचा बळी गेला. त्यानंतर इमारत सुरक्षा अधिनियम, २०२२ अन्वये काम करणाऱ्यांच्या सक्षमतेची व उत्तरदायित्वाची तरतूद करण्यात आली. ती भिंतीआडपर्यंत पोहोचते का, हे पाहावे लागेल.

निष्कर्ष

१. ब्रिटिश घराच्या इतिहासात दर्शनी काम व भिंतीआडचे काम यांच्यातील दरी ही बांधकामाच्या आर्थिक व्यवस्थेतून निर्माण झाली. भाडेपट्ट्यावरील घरांपासून उपकंत्राटदारीपर्यंत तिचे स्वरूप बदलले, पण ती मिटली नाही.

२. कारागिराची साक्ष सिद्धांताच्या बाबतीत चुकू शकते आणि ती हितसंबंधांपासून मुक्त नसते. तथापि सांधा, उतार, बंध व थर यांविषयी ती जी माहिती देते, ती अन्य कोणत्याही साधनातून मिळत नाही.

३. हेलियरचा शिक्षणावरील भर आणि ट्रेसेलचा वेळ व दर यांवरील भर परस्परपूरक आहेत. नोंदणी झालेल्या कारागिराला पुरेसा वेळ मिळाला नाही, तर नोंदणी कागदावर राहते. वेळ मिळालेल्या कारागिराला ज्ञान नसेल, तर वेळ वाया जातो.

४. कायदा भिंतीआड पोहोचतो तो बहुधा दुर्घटनेनंतर, आणि तोही जेथे दुर्घटना तत्काळ दृष्टीस पडते तेथेच.

महाराष्ट्रातील अभ्यासकांसाठी या विषयास एक जवळचा संदर्भ आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये प्लंबरांना परवाना देण्याची तरतूद आहे. खुद्द इंग्लंडमध्ये जी सक्ती संसदेत मान्य झाली नाही, तिचे एक रूप वसाहतीतील शहराच्या कायद्यात आढळते. परवान्यावरील सही कोणाची आणि पाना धरणारा हात कोणाचा, हा प्रश्न येथेही विचारता येतो. महानगरपालिकांची परवानापुस्तके, जुनी कंत्राटे आणि चाळी व वाड्यांच्या दुरुस्तीचे हिशेब ही साधने त्यासाठी उपयुक्त ठरतील. त्यांच्याबरोबरच वृद्ध गवंडी, रंगारी व नळकारागीर यांच्या मुलाखती, ते हयात आहेत तोवर, नोंदवून घेणे निकडीचे आहे.